ड्राइव्ह मॅकवर दिसतो, विंडोजवर दिसत नाही, लिनक्सवर लिहू देत नाही: फॉरमॅट करायच्या आधी हे बघा

दिवाळी अंकांची कामं सुरू झाली की दर दोन-चार दिवसांनी मला एक फोन येतोच, "ताई, ड्राइव्ह लागत नाहीये." मी नारायण पेठेत डीटीपीचं काम करते. माझं मशीन लिनक्सवर आहे, आमचा फोटोग्राफर मॅकवाला आणि प्रेसमध्ये सगळं विंडोज, त्यामुळे एकच हार्डडिस्क आठवडाभरात तीन घरचं पाणी पिऊन येते. गेली बारा-तेरा वर्षं मी हाच प्रॉब्लेम सोडवतीये, आणि ड्राइव्ह खरंच मेलाय असं फार कमी वेळा निघालंय. बहुतेक वेळा एका सिस्टिमला दुसरीची फाइलसिस्टिम (ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) कळत नसते, किंवा आधीच्या मशीनने ड्राइव्ह अर्धवट सोडलेला असतो. पण घाबरलेला माणूस फॉरमॅट दाबतो आणि मग खरा घोळ होतो, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतीये.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं आहे ते आधी ओळखा.

विंडोजला लावला की "वापरण्याआधी फॉरमॅट करा" असा बॉक्स येतो, आणि तोच ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर मस्त उघडतो. मॅकवर फाइली दिसतात, उघडतात, पण नवीन काही टाकता येत नाही, पेस्ट राखाडीच राहतं. मॅकला लावून दहा मिनिटं झाली, ड्राइव्हचा लाइट लुकलुकतोय पण डेस्कटॉपवर आयकॉन नाही. लिनक्सवर "अननोन फाइलसिस्टिम टाइप एक्सफॅट" येतं, किंवा "व्हॉल्यूम इज डर्टी" येतं, किंवा उघडतो पण रीड-ओन्ली. लग्नाचा व्हिडिओ कॉपी करताना ड्राइव्हवर २० जीबी मोकळे असूनही "फाइल टू लार्ज" म्हणून अडतो. आणि शेवटचं, ड्राइव्हमधून टिकटिक आवाज येतो. हे शेवटचं असेल तर बाकी काही वाचू नका, ड्राइव्ह काढा आणि सरळ खाली "इथे थांबा" वर जा.

सगळ्यात आधी: कॅन्सल

विंडोजचा फॉरमॅटचा बॉक्स आला की कॅन्सल. मॅकवर "डिस्क वाचता येत नाही" म्हणून इनिशियलाइज विचारतो, तिथे इग्नोर किंवा इजेक्ट. या बॉक्सचा अर्थ ड्राइव्ह रिकामा आहे असा नसतो, "मला यातलं काही वाचता येत नाहीये" एवढंच ती सिस्टिम सांगत असते. तीन वर्षांपूर्वी एका प्रेसमध्ये ऑपरेटरने घाईत ओके दाबलं होतं. क्विक फॉरमॅट होता आणि नंतर त्यावर कोणी काही लिहिलं नव्हतं, म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअरने फोटो परत आले, पण नावं सगळी गेली होती. "लेख ७, पान ४२" अशा नावांचे चारशे फोटो नुसत्या आकड्यांचे होऊन आले आणि आम्ही दोघींनी रात्री अडीचपर्यंत छापील प्रूफशेजारी धरून एकेक ओळखून काढला.

केबल आणि पोर्ट

फुकटातलं आहे म्हणून पहिलं. मोबाइल चार्जरबरोबर आलेल्या काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही, ड्राइव्हचा लाइट मात्र लागतो त्यामुळे फसायला होतं. दुसरी केबल लावा, पीसीच्या पुढच्या पोर्टाऐवजी मागच्या पोर्टात लावा, हब मध्ये असेल तर काढा, कारण फिरत्या हार्डडिस्कला सुरू होताना जास्त करंट लागतो आणि बिनअडॅप्टरच्या हबमधून तो मिळत नाही. मग ड्राइव्ह अर्धा सुरू होतो, बंद पडतो, परत सुरू होतो. हे तपासायचं कारण असं की कमी करंटवर चाललेल्या ड्राइव्हवर पुढचं कुठलंही रिपेअर चालवलं तर ते मध्येच तुटतं आणि मग खरंच बिघडतं.

आधीच्या मशीनने नीट सोडला होता का?

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या केसेस इथेच संपतात.

विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार असतो, बऱ्याच मशीनवर तो चालूच असतो. शटडाउन केलं की पीसी पूर्ण बंद न होता सिस्टिमचा भाग झोपवून ठेवतो, म्हणजे सकाळी पटकन सुरू होईल. त्या वेळी लावलेल्या एनटीएफएस (विंडोजची घरची फाइलसिस्टिम) ड्राइव्हची काही माहिती विंडोजच्या स्वतःच्या टिपणात अडकून राहते. आता तो ड्राइव्ह काढून लिनक्सला लावला की लिनक्स म्हणतं, हे अर्धवट आहे, मी यावर लिहिणार नाही. त्याचं बरोबरच आहे, कारण त्याने लिहिलं आणि मग विंडोज जागा झाला तर विंडोज आपलं जुनं टिपण त्यावर लिहील आणि दोघांचंही जाईल. उपाय सोपा आहे, ड्राइव्ह परत त्याच विंडोजला लावा, शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा (तेव्हा पीसी पूर्ण बंद होतो), मग काढा. कायमचं करायचं तर कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढा. मी आमच्या प्रेसच्या तिन्ही मशीनवरची काढून टाकलीये.

"व्हॉल्यूम इज डर्टी" हा त्याचाच भाऊ. लिनक्स कर्नलच्या (म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या) ५.१५ पासून, म्हणजे २०२१ पासून, पॅरागॉन कंपनीने दिलेला एनटीएफएसचा नवा ड्रायव्हर आत आलाय आणि तो अस्वच्छ खूण असलेला ड्राइव्ह सरळ नाकारतो. इंटरनेटवर लगेच "फोर्स लावा" असे सल्ले मिळतात, तसं करू नका. विंडोजला लावा, ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. विंडोजकडे स्वतःच्या फाइलसिस्टिमची पूर्ण दुरुस्ती आहे. लिनक्सवरचं एनटीएफएसफिक्स काही मोजक्या चुका दुरुस्त करतं आणि पुढच्या वेळी तपासणी होईल अशी सोय लावून ठेवतं, ती खरी दुरुस्ती नव्हे.

मॅकवर आयकॉनच येत नसेल तर अॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडून बघा, एफएससीके-एक्सफॅट नावाची प्रोसेस चालू दिसेल. ड्राइव्ह इजेक्ट न करता ओढून काढला होता म्हणून मॅक गुपचूप तपासतोय. मोठ्या ड्राइव्हला यात बराच वेळ जातो. वाट बघा, चहा करून या, मध्ये ओढलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. एक्सफॅटमध्ये जर्नल नसतं, म्हणजे लाइट गेली किंवा ड्राइव्ह ओढला तर "मी काय करत होतो" याची नोंद कुठेच राहत नाही, म्हणून या फॉरमॅटला इजेक्टचं महत्त्व एनटीएफएसपेक्षाही जास्त. गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते तेव्हा आमच्याकडे साडेनऊनंतर कोणी कॉपी लावायची नाही असा नियमच आहे.

लिनक्सवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली तरी डेटा अजून रॅममध्येच असू शकतो. स्वस्त पेनड्राइव्हला तर पट्टी संपल्यावरही चार-पाच मिनिटं लाइट लुकलुकत असतो. इजेक्ट दाबून "आता काढू शकता" येईपर्यंत हात लावायचा नाही.

ड्राइव्हवर फाइलसिस्टिम कुठली आहे?

विंडोजमध्ये प्रॉपर्टीज, मॅकवर गेट इन्फो, लिनक्सवर डिस्क्स नावाचं अॅप, तिन्हीकडे नाव लिहिलेलं सापडतं. नाव कळलं की उत्तर जवळजवळ मिळालंच.

एनटीएफएस असेल तर विंडोज सगळं करतो, नवं लिनक्स वाचतं-लिहितं, मॅक फक्त वाचतो. मॅकवर पेस्ट राखाडी असण्याचं कारण हेच, त्यात ड्राइव्हचा दोष नाही. एपीएफएस किंवा जुनं एचएफएस प्लस असेल तर ते मॅकचं घरचं, विंडोजला काही कळत नाही, कधी फॉरमॅटचा बॉक्स येतो कधी काहीच येत नाही. ईएक्सटी४ लिनक्सचं, बाकी दोघांना अनोळखी. फॅट३२ सगळ्यांना चालतं, टीव्हीला, कारच्या म्युझिक सिस्टिमला, जुन्या प्रिंटरलासुद्धा, पण एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. लग्नाचा व्हिडिओ अडतो तो इथे, मोकळ्या जागेशी त्याचा संबंध नाही.

उरला एक्सफॅट. तिघांमध्ये फिरणाऱ्या ड्राइव्हला आज हाच वापरायचा. मोठ्या फाइली चालतात, मॅकवर १०.६.५ पासून आहे, विंडोजवर आहेच. लिनक्सवर मात्र जुनं मशीन असेल तर अडतं, आणि ते का अडतं हे नीट सांगावंसं वाटतं, कारण लोक लिनक्सलाच बोल लावतात.

एक्सफॅट आणि लिनक्स: अडचण पेटंटची होती

एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलं. २००९ मध्ये एसडी कार्डवाल्यांच्या संघटनेने ३२ जीबीच्या वरच्या कार्डांसाठी तेच ठरवलं, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड घेतलं की ते एक्सफॅटच. पण त्यावर पेटंटं होती आणि आपल्या वस्तूत ते घालायचं तर मायक्रोसॉफ्टकडून लायसन घ्यावं लागायचं. कॅमेऱ्याची कंपनी पैसे भरून मोकळी होते. लिनक्सने कोणाचे आणि कसे भरायचे? लिनक्स कर्नल जीपीएल या ओपन सोर्स लायसनच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे आणि त्याच्या सातव्या कलमाचा अर्थ साधारण असा, की पेटंटच्या अटीमुळे तुमच्याकडून घेणाऱ्याला रॉयल्टी न देता पुढे वाटता येणार नसेल तर तुम्हीही वाटू नका. मी घेतलेली कॉपी शेजारच्याला देताना दोघांपैकी कोणालाच पैसे पडता कामा नयेत, आणि पेटंटचं लायसन तर पैशाचं. दोन्ही एकत्र नांदूच शकत नव्हतं.

ही भीती नुसती कागदावर नव्हती. फेब्रुवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या नेव्हिगेशनच्या कंपनीवर दावा लावला, त्यात लिनक्समधल्या फॅटच्या लांब फाइलनावांची पेटंटं होती. पुढच्या महिन्यात तडजोड झाली. त्यानंतर सांबा (लिनक्स आणि विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइली शेअर करणारं सॉफ्टवेअर) बनवणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने एक पॅच लिहिला, ज्यात फाइलचं लहान आणि लांब अशी दोन्ही नावं एकत्र ठेवायचीच नाहीत, म्हणजे पेटंट लागूच होणार नाही. एक फाइलनाव लिहायला लोकांना एवढ्या आडवाटेने जावं लागत होतं.

एक्सफॅटचा कोड नव्हता असंही नाही. २०१३ मध्ये सॅमसंगचा ड्रायव्हर बाहेर आला आणि नंतर कंपनीने तो जीपीएलखाली खुलाही केला. म्हणजे कॉपीराइटची परवानगी मिळाली, पेटंटची नाही. हा फरक मी नवीन मुलांना नेहमी सांगते. कोड ओपन सोर्स आहे याचा अर्थ तो कोणाच्या पेटंटखाली येत नाही असा होत नाही. अपाचे २.० सारख्या लायसनमध्ये कोड देणारा स्वतःच्या पेटंटची परवानगी स्पष्ट शब्दांत देतो, एमआयटी लायसनमध्ये पेटंटचा शब्दच नाही, आणि दोन्हीमध्ये तिसऱ्या माणसाचं पेटंट असेल तर ते तसंच उभं राहतं. म्हणून फेडोरासारख्या डिस्ट्रोने (लिनक्सच्या तयार आवृत्तीने) एक्सफॅट आपल्या रिपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या साठ्यात, ठेवलंच नाही, ते आरपीएम फ्यूजन नावाच्या बाहेरच्या साठ्यातून घ्यावं लागायचं, आणि उबुंटूवर आपण एक्सफॅट-फ्यूज नावाचं पॅकेज वेगळं टाकायचो. माझ्या पहिल्या उबुंटूवर मी ते कितीतरी वेळा टाकलंय.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये आली. ही २००५ साली निघालेली संस्था आहे, सभासद लिनक्सपुरती आपली पेटंटं एकमेकांवर चालवत नाहीत. मायक्रोसॉफ्टने साठ हजारांहून जास्त पेटंटं आणली. तरी एक्सफॅट सुटलं नव्हतं, कारण त्या संस्थेने "लिनक्स सिस्टिम" म्हणून जी यादी ठरवलीये त्यात ते नव्हतं. शेवटी २८ ऑगस्ट २०१९ ला मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की एक्सफॅट कर्नलमध्ये यायला आमचा पाठिंबा आहे, आणि स्पेसिफिकेशनही सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात कर्नल ५.४ मध्ये ते कच्च्या रूपात आलं आणि २०२० च्या मे महिन्यात ५.७ मध्ये सॅमसंगचा नवा, पक्का ड्रायव्हर आला. ती बातमी वाचली त्या दिवशी मला खरंच आनंद झाला होता.

तर तपासणी अशी. टर्मिनलमध्ये युनेम, स्पेस, मायनस आर टाइप करा. आकडा ५.७ किंवा पुढचा असेल तर साधारणपणे एक्सफॅट आपोआप चाललं पाहिजे, चालत नसेल तर दोष ड्राइव्हच्या नीट न सोडण्यात शोधा. जुना असेल तर एक्सफॅट-फ्यूज टाका, किंवा सिस्टिमच अपडेट करा. ड्राइव्ह तपासायला आणि फॉरमॅट करायला हल्ली एक्सफॅटप्रॉग्स हे पॅकेज लागतं. कॉलेजच्या लॅबमध्ये सेंटॉस ७ या जुन्या लिनक्सवर अडलेल्या मुलांचे मला बरेच मेसेज यायचे, त्याचा कर्नल ३.१० चा होता, त्यात एक्सफॅट असणं शक्यच नव्हतं.

फाइल उघडत नाही किंवा कॉपी मध्येच अडते

नावं बघा. "मुलाखत: भाग २?" असं नाव लिनक्सवर खुशाल चालतं, विंडोजला विसर्गासारखा दिसणारा तो कोलनही चालत नाही आणि प्रश्नचिन्हही. शिवाय आपल्या मराठीतला एक खास त्रास आहे. "वाऱ्यावर" मधला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता. डोळ्याला फरक नाही, कॉम्प्युटरला आहे. मॅकचं जुनं एचएफएस प्लस नावं दुसऱ्या तऱ्हेने साठवायचं, त्यामुळे तिथून आलेल्या "वाऱ्यावर" फोल्डरशेजारी माझ्याकडे दुसरं "वाऱ्यावर" तयार झालं आणि बॅकअपने सगळं दोनदा कॉपी केलं. तेव्हापासून फिरत्या ड्राइव्हवर फोल्डरची नावं आम्ही इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांतच ठेवतो, आत लेख मराठीत.

टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली दिसल्या तर तो व्हायरस नव्हे, मॅक स्वतःची माहिती ठेवतो. सोडून द्या.

शेवटचा उपाय: नीट विचार करून फॉरमॅट

सगळा डेटा दुसरीकडे कॉपी झाला, तिकडे दोन-चार फाइली उघडून बघितल्या, मगच. एक्सफॅट निवडा. विंडोजवर करत असाल तर अॅलोकेशन युनिट डीफॉल्ट ठेवा. मॅकवर करत असाल तर डिस्क युटिलिटीत आधी "शो ऑल डिव्हायसेस" करा, म्हणजे पार्टिशनची स्कीम निवडता येते. जीयूआयडी ठेवा. टीव्हीला लावायचा असेल तर मास्टर बूट रेकॉर्ड, बरेच टीव्ही फक्त तोच ओळखतात, पण २ टीबीच्या पुढे तो चालत नाही.

फुटपाथवर पाचशे रुपयांत मिळणारा "२ टीबी" पेनड्राइव्ह असेल तर कितीही वेळा फॉरमॅट करा, उपयोग नाही. आत १६ किंवा ३२ जीबीची चिप असते आणि आकडा खोटा दाखवला जातो. लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू ही फुकट टूल्स खरी साइज सांगतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

टिकटिक किंवा खरखर आवाज, ड्राइव्ह पडलाय, पाण्यात भिजलाय, लिनक्सच्या लॉगमध्ये सारखी "आयओ एरर", किंवा साइज शून्य दाखवतोय, आणि त्यावरचा डेटा दुसरीकडे कुठेच नाही: बंद करा. चेकडिस्क (विंडोजची ती तपासणी-दुरुस्ती) चालवू नका, कारण रिपेअर म्हणजे मरायला टेकलेल्या ड्राइव्हवर अजून लिहिणं. डेटा रिकव्हरीवाल्याला दोन गोष्टी विचारा, आधी ड्राइव्हची पूर्ण इमेज (जशीच्या तशी नक्कल) घेऊन त्या कॉपीवर काम करता का, आणि ड्राइव्ह उघडावा लागला तर स्वच्छ खोली आहे का. टेबलावर स्क्रू काढायला बसला तर ड्राइव्ह उचलून घरी या. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावायचं कुलूप) लावलेला असेल आणि रिकव्हरी की हरवली असेल तर आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये शोधा, तिथेही नसेल तर कोणाच्याही हातात उपाय नाही, त्यावर पैसे घालवू नका.

वकील लागतो अशीही एक जागा आहे. भोसरीत डेटा लॉगर बनवणाऱ्या एका ओळखीच्यांनी विचारलं होतं, आमच्या उपकरणात एसडी कार्ड आहे, एक्सफॅट टाकू का, आता ते फ्री झालंय ना? आपण घरी ड्राइव्ह वापरतो तेव्हा आपल्याला काही बघावं लागत नाही. पण वस्तू विकायची असेल तर प्रश्न बदलतो. ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कचं कवच लिनक्ससाठी आणि सभासदांसाठी आहे, सभासद व्हायला पैसे पडत नाहीत, पण तुमच्या फर्मवेअरमध्ये (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) लिनक्स नसेल तर ते कवच तुम्हाला नाही. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही हे खरं, पण पेटंट देशागणिक वेगळं असतं आणि माल जर्मनीला गेला की तिथला कायदा लागतो. त्यांना मी पेटंट अॅटर्नीकडे पाठवलं. तोवर ३२ जीबीपर्यंतची कार्डं आणि फॅट३२ यावर भागत असेल तर तसंच ठेवा.

मला किंवा कोणालाही मदत मागताना एवढं लिहून पाठवा: ड्राइव्ह शेवटचा कुठल्या मशीनवर नीट चालला, तिथून कसा काढला, फाइलसिस्टिमचं नाव काय, आणि एररचा मोबाइलने काढलेला फोटो. "लागत नाहीये" एवढंच आलं तर पहिला अर्धा तास हेच विचारण्यात जातो.